उंदराची चार मिनिटे, आजोबांचे सहा आठवडे

‘नैराश्यावरील नवे औषध उंदरांवर यशस्वी’ अशा आशयाची बातमी वर्षातून दोन-चारदा तरी वाचनात येते. लगोलग एखादा मुलगा किंवा सून कात्रण घेऊन दवाखान्यात येते आणि विचारते, “डॉक्टर, आमच्या बाबांना हे देता येईल का?” प्रश्न रास्त आहे. मात्र उंदीर उदास आहे हे शास्त्रज्ञांना कसे कळते, हे आधी पाहिले पाहिजे.

यातील सर्वांत प्रसिद्ध चाचणी रॉजर पोरसोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये मांडली. उंच, गोल पात्रात पाणी भरून त्यात उंदीर सोडतात. बाहेर पडण्यास वाट नाही, तळाला पाय टेकत नाहीत. प्रथम तो धडपडतो, नंतर नाक पाण्यावर राहील एवढीच हालचाल करतो. लहान उंदरांत ही चाचणी सहा मिनिटांची असते आणि शेवटच्या चार मिनिटांत तो किती वेळ निश्चल राहिला ते मोजतात. नैराश्यावरील औषध दिलेला उंदीर अधिक वेळ पोहतो. या निश्चलतेला हताशा म्हटले गेले. पण सुटका नाही हे ओळखून शक्ती राखणारा प्राणी हताश की शहाणा, हा वाद आजही चालू आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने तर २०२४ मध्ये कायद्याने या चाचणीवर बंदी घातली.

चिंतेसाठी वेगळी युक्ती आहे. जमिनीपासून उंचावर अधिक चिन्हाच्या आकाराची मार्गिका असते. तिच्या दोन भुजांना भिंती असतात, दोन उघड्या. घाबरलेला उंदीर भिंतींच्या आडोशाला राहतो. डायझेपाम दिल्यावर तो उघड्यावर येण्याचे धाडस करतो. येथे ज्येष्ठांच्या संदर्भात एक गोष्ट नमूद करतो. हीच धिटाई देणाऱ्या गोळ्यांनी सत्तरीच्या माणसाचा तोल जातो, स्मरण मंदावते आणि रात्री न्हाणीघराकडे जाताना खुब्याचे हाड मोडते. मार्गिकेवर हे मोजले जात नाही. शिवाय १९९९ मध्ये तीन प्रयोगशाळांनी त्याच त्या वाणांचे उंदीर, शक्य तितक्या समान पद्धतीने तपासले, तरी काही निष्कर्ष वेगवेगळे आले.

पोहण्याच्या चाचणीत औषधाचा परिणाम तासाभरात किंवा दिवसभरात दिसतो. माणसात तसे होत नाही. चार ते सहा आठवडे, उतारवयात कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. दहाव्या दिवशी “काहीच फरक नाही” म्हणून परस्पर गोळी बंद करणारी कुटुंबे मी नेहमी पाहतो. या काळात तोल जाणे, गोंधळणे, फार झोप येणे असे काही दिसले, तर ते मात्र लगेच कळवावे. काही गोळ्यांनी वृद्धांच्या रक्तातील सोडियम घटते.

मला स्वतःला अधिक पटते ती साखरपाण्याची चाचणी. पिंजऱ्यात दोन बाटल्या, एकीत साधे पाणी, दुसरीत किंचित गोड. निरोगी उंदीर गोड पाण्याकडे वळतो. पॉल विल्नर यांनी १९८७ मध्ये दाखवले, की काही आठवडे सौम्य पण सततचा त्रास दिलेल्या उंदरांची ही आवड ओसरते आणि औषध सुरू झाल्यावर ती परतायलाही काही आठवडे लागतात. माणसाच्या आजाराशी याचे नाते जवळचे वाटते.

वृद्धांचे नैराश्य रडण्यातून क्वचितच दिसते. आजी पुरणपोळी बाजूला सारते, भजनाला जाणे टाळते, नातवाचा फोन आला तरी उठत नाही, आणि घरातले म्हणतात, “वय झाले.” असे दोन आठवडे टिकले, वजन घटले, किंवा “आता पुरे झाले” असे शब्द तोंडी येऊ लागले, तर त्यांना तपासणीस न्यावे. अशा वेळी थायरॉईड, ब जीवनसत्त्वे आणि आधीपासून चालू असलेली औषधेही आम्ही पाहतो; म्हणून येताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत आणावी.