शर्यतीच्या खोंडासाठी कर्ज द्यायचं का?

गेल्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी साठ हजारांचं कर्ज मागितलं. मुलाला शर्यतीसाठी नावाजलेल्या वळूचा खिलार खोंड घ्यायचा होता. "बक्षिसातून हप्ते फेडू," असं त्याचं म्हणणं. आम्ही लगेच नाही म्हणालो नाही. आधी हिशोब मांडला.

पेंड, भरडा, कडबा मिळून रोजचे दोनशे रुपये धरले, तरी वर्षाला ७३,००० होतात. खोंड पळायला तयार होईपर्यंत कमाई शून्य. पुढे जोडीचा बैल, गाडीवान, टेम्पोचं भाडं. मैदानात गाड्या कितीही उतरोत, पहिला नंबर एकाचाच.

जातिवंत रक्त ही आशा असते, हमी नव्हे. शिवाय शर्यत कायद्यावर अवलंबून. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, २०२३ मध्ये ती कायम झाली. मधल्या सात वर्षांत दावणीचे बैल खातच होते. न पळणारा खोंड शेतीकामालाच विकावा लागतो, आणि ट्रॅक्टर आल्यापासून तिथंही गिऱ्हाईक कमी.

म्हणून तीन गोष्टी विचारा. बक्षीस मिळालंच नाही तर हप्ता कशातून? वैरण घरची की विकतची? शेण-पाणी कोण करणार, मुलगा की आईच?

ताईंचा अर्ज पुढच्या बैठकीत येईल. म्हशीच्या दुधातून हप्ता निघत असेल, तर कर्ज देऊ. हौसेला आमची ना नाही. पण बक्षिसाच्या भरवशावर गटाची बचत लावायची नाही, हे आम्ही ठरवलंय.