छत्तीस चौकटींची पत

१९२० सालच्या प्रांतिक नादारी कायद्यात बहात्तरावं कलम आहे. कोर्टाने ज्याला नादार ठरवलंय आणि ज्याची अजून त्यातून सुटका झालेली नाही, अशा माणसाने आपली ही अवस्था लपवून कुणाकडून पन्नास रुपये किंवा जास्त उधार घेतले, तर त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मूळ कलमातला आकडा खरंच पन्नासचा आहे. तेव्हा ती बरीच मोठी रक्कम होती. आज नगर जिल्ह्यातल्या बेलापुरात दोघांचा वडापाव आणि चहा झाला, की तेवढे होतात आणि ‘लिहून ठेवा’ म्हटलं, की झाला गुन्हा!

हसण्यावारी नेऊ नका, कायदा अजून जिवंत आहे. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेत सामान्य माणसासाठी अख्खा भाग लिहून ठेवलाय. पण १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला फक्त कंपन्यांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. त्यामुळे बेलापूरच्या दुकानदाराला आजही रीतसर नादार व्हायचं असेल, तर शंभर वर्षांपूर्वीचाच कायदा हातात घेऊन जिल्ह्याच्या कोर्टाची पायरी चढावी लागते.

चढतं कोण? गावात दिवाळं निघतं ते कोर्टाविना. समजा, बेलापुरात एकाचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. प्रवरेच्या पाण्यावरचा ऊस, त्यामुळे गिऱ्हाईक शेतकरी आणि धंदा उधारीचा: ‘बिल आलं की देतो.’ एका वर्षी पाऊस दगा देतो, कारखान्याचं बिल लांबतं, उधारी थकते. तिकडे बँकेचं कॅश क्रेडिट थकतं, टेम्पोचे हप्ते थकतात. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला आणते. दुकानाचं शटर पडतं. कुठल्याच न्यायाधीशाने त्याला नादार म्हटलेलं नसतं. पण त्याची शिक्षा एका अरुंद पट्टीवर लिहायला सुरुवात झालेली असते.

ही पट्टी बघण्यासारखी आहे. कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलचा अहवाल उघडला, की प्रत्येक कर्जाखाली महिन्याला एक अशा छोट्या चौकटी दिसतात, जास्तीत जास्त छत्तीस. चौकटीत तीन आकडे: त्या महिन्यात हप्ता किती दिवस उशिरा होता. वेळेवर असेल तर ‘०००’. मग ‘०३०’, ‘०६०’, आणि नव्वदी ओलांडली की बँकेच्या भाषेत खातं ‘एनपीए’. आपल्या दुकानदाराच्या टेम्पोची पट्टी अशी वाचता येते: चौदा महिने शून्यं, मग एकदा ०२८, पुन्हा शून्य, बहुधा बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या तो महिना. मग ०३१, ०६२, ०९२. पुढे आकडे चढतच जातात. एखाद्या घरावर आलेलं संकट तीन-तीन अंकांत इतकं नेमकं उतरलेलं मी दुसऱ्या कुठल्या कागदावर पाहिलेलं नाही.

आश्चर्य पुढे आहे. पट्टी छत्तिसाचीच राहते. नवीन महिन्याची चौकट आली, की सर्वांत जुनी पलीकडून गळून पडते. कर्ज फिटलं आणि दुसरं छोटं कर्ज नियमाने चालू झालं, तर तीन वर्षांनी त्या नव्या पट्टीवर शून्यांखेरीज काही नसतं. आणि ३०० ते ९०० च्या स्कोअरचं गणित करताना अलीकडचं वागणं जुन्यापेक्षा जास्त बोलतं. तीन वर्षांचं हे माप काही नवं नाही. १९२० च्या कायद्यात नादाराला पूर्ण मुक्तता द्यायची की नाही हे ठरवताना कोर्ट इतर गोष्टींबरोबर या दोन गोष्टीही विचारतं. एक, रुपयामागे आठ आणे तरी देण्याइतकी मालमत्ता उरली का. नसली, तर ते परिस्थितीने झालं की तुझ्या करणीने? दुसरी, मागच्या तीन वर्षांच्या वह्या धंद्याला साजेशा ठेवल्या होत्यास का? म्हणजे छत्तीसच महिने. कुणी कुणाची नक्कल केलेली नाही; माणसाला ओळखायला तेवढा काळ पुरतो, असं दोघांनाही वाटलं असावं.

मात्र सगळंच गळून पडत नाही. कर्जाच्या माथ्यावर एक शेरा असतो आणि त्याचं आयुष्य मोठं. क्रेडिट माहिती कंपन्यांनी नोंदी किमान सात वर्षं ठेवायच्या असतात. तीन लाखांच्या जागी दोन लाखांवर तडजोड झाली तर ‘सेटल्ड’, पूर्ण फेडलं तर ‘क्लोज्ड’. ‘राइट ऑफ’ वाचून लोक सुटकेचा निःश्वास टाकतात, तो चुकीचा. बँकेने आपल्या ताळेबंदातून रक्कम काढली एवढाच त्याचा अर्थ. देणं डोक्यावर तसंच.

सात वर्षांचा आकडा नगर जिल्ह्याच्या दप्तरात या नियमाहून जुना आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा पेटला आणि श्रीगोंदा, पारनेर, कर्जतच्या गावांपर्यंत पोहोचला. लोकांना सावकाराचा जीव नको होता, त्याची कर्जखतं हवी होती. जिथे ती मुकाट्याने दिली, तिथे मारहाण बहुतेक झालीच नाही. जाळले ते कागद. त्यावर चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता शेतकऱ्यांच्या दिलाशाचा कायदा आला. बेलापूर तेव्हा राहुरी तालुक्यात, म्हणजे याच कायद्याच्या हद्दीत होतं.

त्या कायद्यात काय काय होतं ते वाचताना डोळे विस्फारतात. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद. पन्नास रुपयांचं देणं असलेला शेतकरीही (पुन्हा पन्नास!) स्वतःला नादार ठरवून घेण्याचा अर्ज करू शकत होता. खास गहाण नसलेली जमीन लिलावात काढायची नाही. कुटुंबाच्या पोटापुरती सोडून उरलेली फार तर सात वर्षं कलेक्टरने ताब्यात घ्यायची. आणि सावकाराकडे मागणी केली, की त्याने शेतकऱ्याला हिशेबाचं पासबुक द्यायचं. शेतकऱ्याने आपलंच खातं वाचावं ही कल्पना १८७९ ची. सावकारही कच्चे नव्हते. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले.

आता आपला दुकानदार. त्याने आधी स्वतःची पट्टी मागवायची. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, या चारही क्रेडिट माहिती कंपन्यांना वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यावाच लागतो. चूक सापडली तर तक्रार. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. मग ‘सेटल्ड’ खात्यातली उरलेली रक्कम जमेल तशी भरून नो ड्यूजचं पत्र घ्यायचं आणि शेरा बदलून मागायचा. तडजोड केलेल्या बँकेच्या दारात मात्र निदान बारा महिने नवं कर्ज नाही. या बारा महिन्यांतून शेतीकर्ज वगळलंय.

पट्टी शून्यांनी भरायची तर काहीतरी कर्ज हवंच, ही यातली गंमत. ज्याला कुणी उधार देत नाही त्याने उधार फेडून दाखवायचं! वाट आहे: मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड, किंवा बँकेतलं छोटं सोनेतारण. कार्डावर मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी खर्च आणि दर महिन्याला पूर्ण भरणा. पतसंस्थेत नियमाने फेडलेलं कर्ज इथे बहुधा दिसतच नाही, आणि वाण्याकडची उधारी तर नाहीच. ज्यांच्यात आयुष्य गेलं त्यांच्याकडची अब्रू या पट्टीला माहीत नसते, हे मला खटकतं.

शेतकऱ्याची पट्टी थोडी निराळी चालते. पीककर्ज नव्वद दिवसांत नव्हे, अल्प मुदतीच्या पिकाला दोन हंगाम थकलं की एनपीए होतं. सोसायटीचं कर्ज उसाच्या बिलातूनच कापून जातं. आणि ३१ मार्च जवळ आला, की गावोगाव ‘नवं-जुनं’ सुरू होतं: चार दिवसांसाठी हातउसने पैसे आणायचे, जुनं कर्ज भरायचं, नवं उचलायचं, उसने परत करायचे. पट्टीवर स्वच्छ शून्य उमटतं. व्याजसवलतही वाचते. त्या चार दिवसांचं व्याज कुणाच्या वहीत जातं, ते सिबिलला दिसत नाही. १८७५ च्या आयोगाला मात्र ते लगेच ओळखू आलं असतं.

दुकानदाराच्या मागे आणखी दोन माणसं उभी असतात: बँकेच्या कर्जाला जामीन राहिलेला मेहुणा आणि शेजारी. ते खातं त्यांच्याही अहवालात ‘जामीनदार’ म्हणून थकलेलं दिसत असतं. मुलीच्या शिक्षणाचं कर्ज काढायला गेल्यावर शेजाऱ्याला ते पहिल्यांदा कळतं. दुकानदाराने फेड पुरी केली, की तिघांच्याही अहवालात खातं बंद दिसायला हवं. नसेल दिसत, तर जामीनदारांना आपापल्या नावाने वेगळी तक्रार करावी लागते.