नावे तीन, झोत एकच!

अंधाऱ्या रात्री एखाद्याच्या हाती विजेरी द्या आणि दूर जाऊन उभे राहा. त्याने विजेरी आडवी धरली, तर प्रकाशाचा झोत बाजूने दिसेल. तीच तुमच्या डोळ्यांवर रोखली, की नुसता लखलखाट! विजेरी तीच, बदलली फक्त दिशा.

काही दीर्घिकांबाबत असेच घडते. त्यांच्या केंद्रात कोट्यवधी सूर्यांइतक्या वस्तुमानाचे कृष्णविवर असते. त्याकडे ओढला जाणारा वायू भोवती फिरता फिरता अतिशय तापतो. त्यातील काही द्रव्य परस्परविरुद्ध दिशांना, दोन झोतांच्या रूपाने, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर फेकले जाते.

हे झोत बाजूने दिसले, की आपण त्या दीर्घिकेला 'रेडिओ दीर्घिका' म्हणतो. हंस तारकासमूहातील 'सिग्नस ए' ही अशीच. तिच्या झोतांच्या टोकांशी रेडिओ लहरी देणारे दोन प्रचंड फुगे आहेत. केंद्र मात्र धुळीच्या कड्याआड लपलेले आहे.

झोत काहीसा आपल्याकडे कललेला असेल, तर त्या कड्यातून झगझगीत केंद्र दिसते. हा झाला 'क्वेसार'. ताऱ्यासारखा दिसणारा '३सी २७३' वास्तविक अतिशय दूर आहे, हे मार्टिन श्मिट यांनी १९६३ मध्ये ओळखले. (सर्वच क्वेसारांना मात्र जोरदार झोत नसतात.)

आणि झोत थेट आपल्यावरच रोखलेला असेल तर? वेगवान द्रव्याचा प्रकाश पुढच्या दिशेला एकवटतो. म्हणून तो फार तेजस्वी दिसतो आणि त्याचे तेज झपाट्याने बदलते. हा 'ब्लेझार'. 'बीएल लॅसर्टी' या ब्लेझारची १९२९ मध्ये चक्क रूपविकारी तारा म्हणून नोंद झाली होती!

मग सारा फरक दिशेचाच का? नाही. काही झोत मुळातच दुबळे असतात. १९७४ मध्ये फॅनारॉफ आणि रायली यांनी रेडिओ दीर्घिकांचे दोन वर्ग पाडले. 'सिग्नस ए'चे बलवान झोत दूरवर टिकतात व टोकांशी उजळतात. कन्या तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या 'एम ८७'सारख्या दीर्घिकांचे झोत वाटेतील वायूमुळे मंदावतात. त्यांचे तेज केंद्राजवळच अधिक असते. असा दुबळा झोत आपल्यावर रोखलेला असता, तर ती दीर्घिका 'बीएल लॅसर्टी'सारखी दिसली असती.

तेव्हा अशी दीर्घिका भेटली, की दोन प्रश्न विचारा: झोतात जोर किती? आणि आपण तो पाहतो कोणत्या कोनातून? पहिल्याचे उत्तर त्या दीर्घिकेत आहे. दुसऱ्याचे, आपण कोठे उभे आहोत त्यात!