वीस ठिपक्यांतला एक खरा

फोर-के टीव्हीचा पडदा रुंदीत ३८४० आणि उंचीत २१६० ठिपक्यांचा. गुणाकार केला की ८२,९४,४००. आता सह्याद्री किंवा एचडी नसलेली दुसरी कुठलीही साधी वाहिनी घ्या. तिचं चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपक्यांचं. मोठ्या आकड्याला छोट्याने भागून पाहा. उत्तर बरोबर वीस, बाकी शून्य! संध्याकाळच्या बातम्या नव्या टीव्हीवर लागतात तेव्हा पडद्यावरच्या दर वीस ठिपक्यांमागे एकाचीच माहिती बाहेरून आलेली असते. उरलेले एकोणीस टीव्ही आपल्या मनाने भरतो.

मराठीच्या पेपरात वीस शब्दांचं वाक्य देऊन त्यातल्या एकोणीस रिकाम्या जागा भरायला सांगाव्यात, असा हा प्रकार आहे. टीव्ही तो सेकंदाला पन्नास वेळा सोडवतो आणि आपण चहा पीत बसलेले असतो.

बरं, वीस हा आकडा सरळ वाटला तरी आत गोची आहे. रुंदीत एका ठिपक्याचे पाच आणि एक तृतीयांश करायचे असतात, उंचीत पावणेचार. पूर्णांक कुठेच नाही. एचडीचं चित्र फोर-केवर नेताना प्रत्येक बाजूने नेमकं दुप्पट करायचं असतं, तिथे हिशेब सुटसुटीत. साध्या चित्रात मात्र नवे ठिपके जुन्यांच्या अधल्यामधल्या जागी पडतात. स्वस्त टीव्ही शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून मोकळा होतो, म्हणून चेहरे मेणाचे दिसतात. त्याहून बरा टीव्ही आधी कडा शोधतो, मग कडेच्या दिशेने भरतो. अलीकडच्या महागड्या टीव्हींतली चिप असंख्य चित्रं दाखवून शिकवलेली असते. तिने काढलेली पापणी निवेदिकेची नसतेच. पापणी साधारण कशी असते हे तिला ठाऊक असतं, एवढंच.

मुळात ५७६ आले कुठून? आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ, म्हणून चित्रही सेकंदाला पन्नास वेळा रंगवायचं ठरलं. पण दर वेळी पूर्ण चित्र पाठवायला जागा नव्हती. तोड अशी निघाली की आधी विषम ओळी पाठवायच्या, मग सम. पूर्ण चित्राच्या ओळी ६२५. त्यातल्या ५७६ चित्राच्या, बाकीच्या ओळींच्या वेळात जुन्या डबा टीव्हीतला इलेक्ट्रॉनांचा झोत खालून पुन्हा वर जायचा. सेकंदाला १५,६२५ ओळी व्हायच्या आणि त्याच वारंवारतेची बारीक शीळ डबा टीव्हीतून निघायची. लहान मुलांना ती शेजारच्या खोलीतूनही ऐकू यायची, आजोबांना टीव्हीसमोर बसूनही नाही.

डबा टीव्हीच्या काचेवर पक्क्या चौकटी नव्हत्या. झोत ओळी ओढत जायचा, त्यांच्या कडा एकमेकींत विरघळायच्या आणि चित्रातले दोष त्या मऊपणात झाकले जायचे. जुन्या टीव्हीवर चित्र चांगलं दिसायचं, ही तक्रार निव्वळ म्हातारपणाची नाही.

सपाट पडद्याला दोन अर्ध्या चित्रांचं एक करावं लागतं. ताशी १४० किलोमीटरने टाकलेला चेंडू एका पन्नासांश सेकंदात पाऊण मीटरहून जास्त पुढे जातो. विषम ओळींत तो एका जागी, सम ओळींत दुसऱ्या. शिवण नीट जमली नाही की कडांना कंगव्याचे दात फुटतात. आपल्या लिपीची यात खास फजिती होते. एकाच ओळीइतकी बारीक शिरोरेषा एकाच अर्ध्या चित्रात येते, दुसऱ्यात गायब. मग ती थरथरते.

आणि हे आलेलं चित्रसुद्धा पिळून काढलेलं असतं. जसंच्या तसं पाठवायचं तर सेकंदाला सुमारे १२ कोटी बिट लागतील. साध्या वाहिनीच्या वाट्याला साधारण वीस-तीस लाख, फार तर पन्नास. आधीच्या चित्रात जे होतं ते पुन्हा पाठवायचं नाही, ही त्यातली मुख्य युक्ती. निवेदक शांत बसला असेल तर ती झकास चालते. पण विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलाल उधळला की प्रत्येक कण नवा आणि प्रत्येकाची दिशा वेगळी. बिट पुरत नाहीत, चित्राचे चौकोन होतात. तिथे लाखाचा टीव्हीही फारसं काही करू शकत नाही.

एवढं कळलं की खरेदीतला खरा प्रश्न दिसतो. फोर-केला घाबरायचं कारण नाही. चित्र बिघडतं ते मोठं केल्यामुळे, पडद्याच्या ठिपक्यांमुळे नव्हे. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. त्यावरून हिशेब केला तर पडद्याच्या इंचांना चारने भागल्यावर जे येतं, साधारण तेवढ्या फुटांवरून साध्या चित्राच्या ओळी एकमेकींत मिसळतात. ३२ इंचाला आठ फूट, ४३ ला पावणेअकरा, ५५ ला पावणेचौदा. मुंबईतल्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकवला तरी डोळे आठ-नऊ फुटांवरच येतात. तिथे ५५ इंची टीव्ही आणून साध्या वाहिन्या पाहणं म्हणजे पैसे देऊन दोष मोठे करून घेणं, असं माझं स्पष्ट मत आहे. ४३ पर्यंत ठीक. बाकीचे पैसे गडद काळा रंग दाखवणाऱ्या पडद्यावर आणि चांगल्या चिपवर घालावेत. काळा खरोखर काळा असेल तर कमी ठिपक्यांचं चित्रही उठावदार दिसतं.

दुकानात पोपटांचे आणि हिमशिखरांचे व्हिडिओ चालू असतात, तेही मुळातच फोर-के. तिथे एकही ठिपका भरायचा नसतो, त्यामुळे भरणाऱ्याची परीक्षाच होत नाही. दुकानदाराला सेट टॉप बॉक्स जोडून एचडी नसलेली मराठी बातम्यांची वाहिनी लावायला सांगा आणि घरी बसता तितक्याच अंतरावर उभे राहा. खालची सरकती पट्टी वाचा. ती हिसके देत सरकते का? ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ वेगळे कळतात का? पोलीस भरती आहे की मरती, असा प्रश्न पडला तर पुढच्या टीव्हीकडे वळा.

घरी आणल्यावर पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’वरून ‘सिनेमा’वर न्या आणि शार्पनेस बराच खाली आणा. तो तपशील वाढवत नाही, कडांना पांढरी किनार लावतो. बॉक्सच्या सेटिंगमध्ये ५७६ आणि १०८० असे पर्याय असतील तर दोन्ही लावून पाहा: एकात रिकाम्या जागा टीव्ही भरतो, दुसऱ्यात आधी बॉक्स हात चालवतो. बॉक्समधली चिप सहसा सामान्य असते, त्यामुळे बऱ्याचदा ५७६ जिंकतो. आणि सह्याद्रीवर ‘चिमणराव गुंड्याभाऊ’च्या काळातलं काही लागलं तर रिमोटवरून चित्र चारास तीनवर ठेवा, बाजूला काळ्या पट्ट्या आल्या तरी. पडदाभर ताणलं तर सगळी माणसं एक तृतीयांशाने रुंद होतात.