सनदी शाळा : अमेरिकन शहरांतील एक प्रयोग

सार्वजनिक पैशाने चालणारी शाळा शासकीय यंत्रणेनेच चालवावी काय, हा प्रश्न अमेरिकेत तीन दशकांहून अधिक काळ वादाचा विषय झालेला आहे. या वादाच्या केंद्रस्थानी ‘चार्टर स्कूल’ म्हणजे सनदी शाळा आहे.

सनद म्हणजे ठरावीक मुदतीचा करार. शिक्षक, पालक अथवा एखादी संस्था आपली योजना अधिकृत मंडळापुढे मांडते व मंजुरी मिळाल्यास काही वर्षांपुरती सनद मिळते. खर्च विद्यार्थिसंख्येच्या मानाने सार्वजनिक निधीतून होतो. फी घेता येत नाही. जागांपेक्षा अर्ज अधिक आल्यास चिठ्ठ्या टाकून प्रवेश द्यावे लागतात. वेळापत्रक, नेमणुका व अध्यापनपद्धती यांबाबत शाळेस पुष्कळ स्वातंत्र्य असते; परंतु मुलांची प्रगती दिसली नाही तर सनद रद्द होऊ शकते.

या कल्पनेचा पुरस्कार आरंभी एका शिक्षकनेत्याने केला, ही गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रे बड या प्राध्यापकांनी मांडलेली ही कल्पना अमेरिकन शिक्षक महासंघाचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी १९८८ साली उचलून धरली. जर्मनीतील कोलोन शहराच्या एका शाळेत शिक्षकांचा एकच गट त्याच मुलांना अनेक वर्षे शिकवितो, हे त्यांनी पाहिले होते. शिक्षकांना असे प्रयोग करण्याची मोकळीक मिळावी, हा त्यांचा हेतू होता. १९९१ साली मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला व १९९२ साली सेंट पॉल येथे पहिली सनदी शाळा उघडली. पुढे अनेक ठिकाणी या शाळा शिक्षकांच्या हाती न राहता मोठ्या व्यवस्थापन संस्थांच्या हाती गेल्या आणि खुद्द शँकरच त्यांचे टीकाकार बनले.

फलश्रुती संमिश्र आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका केंद्राने २०१५ साली ४१ शहरी विभागांची पाहणी प्रसिद्ध केली. सनदी शाळांतील मुलांची वर्षभराची प्रगती सरासरीने गणितात ४० व वाचनात २८ दिवसांच्या अधिक अध्यापनाइतकी आढळली. तथापि काही शहरांत ती इतर सार्वजनिक शाळांहून कमीच होती. कडक शिस्तीमुळे मुले शाळेबाहेर पडतात व विशेष गरजा असलेल्या मुलांची उपेक्षा होते, असे आक्षेपही आहेत.

न्यू ऑर्लिन्स शहरात हा प्रयोग टोकास गेला. ऑगस्ट २००५ मधील कॅटरिना वादळानंतर राज्याने बहुतेक शाळा ताब्यात घेतल्या. सात हजारांहून अधिक शालेय कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांत अनुभवी कृष्णवर्णीय शिक्षक मोठ्या संख्येने होते. पुढे जवळजवळ सर्व शाळा सनदी झाल्या. परीक्षांतील गुण व शालान्त उत्तीर्णांचे प्रमाण वाढले, हे खरे. परंतु शिक्षकांना मोकळीक देण्यासाठी निघालेल्या कल्पनेची किंमत तेथे शिक्षकांनीच मोजली. २०२४ साली त्याच शहराच्या मंडळाने पुन्हा एक शाळा स्वतः चालविण्यास घेतली.

ही योजना मूलतः शहरांत का रुजली, हेही समजून घेतले पाहिजे. एक शाळा बंद पडली तरी शहरात दुसरी जवळ असते. ज्या खेड्यात शाळा एकच, तेथे ती बंद करणे म्हणजे मुलांची वाटच बंद करणे होय. म्हणून सनदेची ही अट खेड्यास लागू पडत नाही. तिच्या मुळाशी असलेला विचार मात्र खेड्यासही उपयोगी आहे. शिक्षकांनी एकत्र बसून अध्यापनाची दिशा ठरवावी, प्रत्येक मुलाच्या प्रगतीची प्रामाणिक नोंद वर्षानुवर्षे ठेवावी आणि ती पालकांपुढे मांडावी. एवढ्यासाठी कोणत्याही सनदेची आवश्यकता नाही.