वावरातून दिवाणावर

हरभरा घाटे धरू लागला, तुरीच्या शेंगा भरल्या, की वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर, सेलू, कारंजा या भागातल्या शेतकऱ्याची झोप उडते. रात्री रोह्यांचा म्हणजे नीलगायींचा कळप वावरात शिरतो, रानडुकरं उभं पीक उकरून ठेवतात. मग मचाणावर बसून जागल करायची, डबे वाजवायचे आणि सोबतीला कुत्रं ठेवायचं. अलीकडे या कामावर गावठी कुत्र्यांच्या जोडीला एक वेगळं कुत्रं दिसतं. लांबोडकं तोंड, खोल छाती, मुठीत मावेल अशी कंबर, उंच काटकुळे पाय. कोणी त्याला ग्रेहाउंड म्हणतं, कोणी कारवान, कोणी नुसतंच ‘शिकारी’. बहुतेक वेळा ती या सगळ्यांची सरमिसळ असते. कोणाच्या मराठवाड्यातल्या सोयऱ्याने पिल्लू दिलेलं असतं, कोणी नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून आणलेलं असतं. तिथे घोडे, कोंबड्यांसोबत श्वानांचंही प्रदर्शन भरतं.

आणल्यावर वर्षभरात मालकाच्या लक्षात येतं, की जागलीला हे कुत्रं कुचकामी आहे. त्यात त्याचा दोष नाही. ही जात डोळ्यांनी शिकार करणारी. दिवसाउजेडी, मोकळ्या माळावर, समोर काहीतरी पळताना दिसलं तर ती धावणार. रात्री तुरीच्या दाटीत वास काढत फिरणं आणि भुंकून गाव जागं करणं हे गावठी कुत्र्याचं काम, आणि ते गावठीच चांगलं करतं. डुकराशी भिडायचं तर अंगावर मांस आणि जाड कातडी हवी. या कुत्र्यांची कातडी इतकी पातळ, की बाभळीच्या काट्यानेही उसवते. डुकराच्या सुळ्याचं तर विचारायलाच नको.

आमच्याकडे आलेली बिजली अशीच निकालात निघालेली. मांडीवर टाके घातल्याची लांब खूण, गळ्यात साखळीचा वण. तिचा मालक माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “घेऊन जा भाऊ. सोडून देली त मरून जाईन. भुकत नाही, का नाही, नुसती झोपते.” नाव त्यानेच ठेवलेलं होतं, आम्ही तेच चालू ठेवलं. घरी आल्यावर पाहिलं तर बिजली दिवसाचे सोळा-सतरा तास बंद. विदर्भात भारनियमनाची सवय असल्यामुळे आम्ही तक्रार केली नाही.

तिकडे इंग्लंड-अमेरिकेत अशी हजारो कुत्री घरोघरी गेली आहेत. तिथे ती शर्यतीच्या मैदानातून येतात. यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड पळवायचे आणि त्यावर पैसे लावायचे, हा धंदा तिथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फोफावला. इंग्लंडमध्ये 1926 साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानापासून. कुत्रं तीन-चार वर्षांचं झालं, मंदावलं, की मैदानातून बाद. या बाद कुत्र्यांना घर मिळवून देणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. ब्रिटनमधली एक मोठी संस्था 1975 पासून हे काम करते. पुढे लोकमतच शर्यतींच्या विरोधात गेलं. मकाऊचं मैदान 2018 मध्ये बंद झालं आणि तिथली शेकडो कुत्री परदेशी घरांत रवाना झाली. फ्लोरिडात त्याच वर्षी मतदान होऊन 2020 अखेर शर्यती थांबल्या. न्यूझीलंडने 2024 च्या डिसेंबरात बंदीची घोषणा केली. आपल्याकडे अशा संस्था नाहीत, शर्यतीची मैदानं नाहीत, पण बाद होणं तेच आहे.

घरात आल्यावर पहिली अडचण आली ती जिन्याची. आयुष्य वावरात आणि साखळीला काढलेल्या कुत्र्याने जिना कुठे पाहिला असणार? बिजली पहिल्या पायरीशी येऊन उभी राहिली, पुढचा पाय उचलला, परत ठेवला, आणि चारही पाय ताठ करून तिथेच थिजली. ओढून उपयोग नव्हता. शेवटी एकाने मागून पोटाखाली हात घालायचा, दुसऱ्याने पुढचे पाय एकेक करून पायरीवर ठेवायचे, असं करत तिला वर चढवलं. उतरताना याहून बिकट. गुळगुळीत टाइल्सवर तर चारही पाय चार दिशांना. सतरंज्या, जुनी पोती, पायपुसणी यांची एक वाट आम्ही दारापासून स्वयंपाकघरापर्यंत अंथरली, आणि ती बरेच दिवस त्या वाटेवरूनच चालायची. मिक्सर सुरू झाला की पलंगाखाली. आरशातल्या कुत्रीला मात्र तिने एकदा हुंगलं, वास येत नाही म्हटल्यावर पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही.

या कुत्र्यांच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते. कोपर, ढोपर, कमरेची हाडं थेट फरशीला टेकतात आणि काही दिवसांत तिथे घट्टे पडून जखमा होतात. म्हणून जाड अंथरूण ही चैन नव्हे, गरज आहे. आम्ही घडी घातलेली गोधडी दिली. तिने ती दोन दिवस वापरली आणि मग बैठकीतला दिवाण ताब्यात घेतला. पाठीवर उताणी, चारही पाय हवेत, मान दिवाणाखाली लोंबकळती, अशी झोपते. पाहुणे आले की उठत नाही. पाहुणेच खुर्ची शोधतात.

तिला घेऊन आर्वी नाक्याकडे फिरायला निघालं की रोज एक तरी माणूस थांबवून विचारतो, “याले खायले देत नाही का तुमी?” बरगड्या दिसतात ना! सुरुवातीला मी समजावत असे. आता सांगतो, की शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्याच पाहिजेत. दिसेनाशा झाल्या तर कुत्रं लठ्ठ झालं असं समजायचं. गुबगुबीत ग्रेहाउंड ही कौतुकाची गोष्ट नाही, त्या बारीक पायांवरचा तो भार आहे. खाणं साधं असतं: ज्वारीची भाकर कुस्करून, उकडलेलं अंडं, भात, अळणी शिजवलेलं चिकन, दही. दोन वेळा विभागून. खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये पोटात गॅस भरून पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो, आणि तो काही तासांत जीव घेतो. म्हणून जेवणाच्या आगेमागे तासभर तरी धावाधाव बंद. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट कुठल्याच कुत्र्याला देऊ नये, हे आजींना पटवायला मात्र वेळ लागला. “प्रसादातला एक मनुका त होय,” असं त्यांचं म्हणणं.

डॉक्टरांकडे नेताना एक गोष्ट आपणच सांगावी लागते. ग्रेहाउंडचं रक्त इतर कुत्र्यांसारखं नसतं. तांबड्या पेशी जास्त, बिंबिका म्हणजे प्लेटलेट कमी, थायरॉइडचा आकडाही कमी, आणि हे सगळं निरोगी असताना. आपल्याकडे गोचिडांचा सुळसुळाट. गोचीडतापात प्लेटलेट घसरतात. म्हणजे नुसता अहवाल वाचला तर निरोगी कुत्र्यालाही गोचीडतापाचं औषध सुरू होऊ शकतं. दुसरं, भूल. थायोपेंटोनसारखी जुनी औषधं या कुत्र्यांच्या यकृतात फार सावकाश मोडली जातात आणि कुत्रं तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. बिजलीची नसबंदी करायची होती तेव्हा आम्ही हे आधी बोललो. डॉक्टरांना ते माहीत होतं, त्यांनी दुसरं औषध वापरलं, आणि संध्याकाळी ती दिवाणावर हजर होती.

आता पट्ट्याविषयी जरा सविस्तर, कारण सगळा खेळ पट्ट्यावर आहे. या कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा अरुंद. साधा पट्टा कितीही घट्ट बांधा, कुत्रं घाबरून मागे सरकलं की मान खाली घालून सटकन बाहेर येतं. परदेशात यासाठी दुहेरी फासाचा पट्टा मिळतो, त्याला मार्टिंगेल म्हणतात. वर्ध्याच्या दुकानांत तो मिळाला नाही, तेव्हा बाजारातल्या बॅगा शिवणाऱ्याला गाठलं. दोन इंच रुंदीची निवारीसारखी नायलॉनची पट्टी घेतली. रुंद अशासाठी, की झटका बसला तरी मानेला काचू नये. तिच्या दोन्ही टोकांना एकेक लोखंडी कडी शिवली. मान जेवढी, तेवढीच पट्टी नाही घ्यायची, चार बोटं कमी घ्यायची. मग एक आखूड पट्टी दोन्ही कड्यांतून ओवून तिचं वेगळं वेटोळं शिवायचं आणि दोरी त्या वेटोळ्याला अडकवायची. एरवी पट्टा गळ्यात सैल राहतो. कुत्र्याने ओढ घेतली की आखूड वेटोळं ताणलं जातं, दोन्ही कड्या एकमेकींजवळ येतात आणि पट्टा डोक्याच्या मापापेक्षा लहान होतो. गळा आवळत नाही, पण सुटकाही नाही. बॅगवाल्याने टाके चारदा फिरवले आणि वर म्हणाला, “आता कुत्रं सुटणार नाही, तुमीच पडान.”

तो म्हणाला त्यात तथ्य होतं. पिपरीच्या रस्त्याने संध्याकाळी चाललो होतो. बिजली रोजच्यासारखी मान खाली घालून, मांडीला खेटून चालत होती. दूर पडीक जमिनीवर काहीतरी हललं, मला दिसलंही नाही. तिचे मागे चिकटलेले कान ताठ झाले. पुढचा एक पाय उचललेला तसाच राहिला. शेपटी स्थिर, श्वास जणू थांबलेला, आणि त्वचेखाली मांडीचे स्नायू थरथरताना स्पष्ट दिसत होते. मी नाव घेतलं, तिला ऐकू आलं नाही. न ऐकल्यासारखं केलं असं नाही, खरोखरच ऐकू आलं नाही. मग सशाने उडी मारली आणि माझा खांदा निखळायचा राहिला. दोरी मनगटाला गुंडाळू नये, बोटांत अडकवू नये, ती मुठीत धरावी आणि कोपर अंगाशी ठेवावं, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो.

ग्रेहाउंड पाच-सहा झेपांत पूर्ण वेग गाठतो. ताशी 65 ते 70 किलोमीटर. एका झेपेत दोन वेळा त्याचे चारही पाय हवेत असतात. या वेगाने तो क्षणात रस्ता ओलांडतो, आणि आपल्याकडे रस्त्यावर ट्रक असतात. कितीही माया लावा, कितीही बिस्किटं देऊन शिकवा, धावणारी वस्तू दिसल्यावर हाकेला परत येईल अशी खात्री या कुत्र्याची देता येत नाही. शेकडो वर्षं माणसाने नेमकी हीच गोष्ट त्याच्या रक्तात वाढवली. “माझं कुत्रं माझं ऐकतं” हा ज्याचा अभिमान आहे, त्याने लॅब्राडोर घ्यावा. घरात मांजर किंवा अंगणात कोंबड्या असतील तर फार विचार करावा.

एवढं सोडलं तर घरातलं इतकं शांत जनावर मी पाहिलेलं नाही. भुंकणं महिन्यातून एखाददा. माणूस उभा दिसला की येऊन अख्खं अंग त्याच्या पायावर टेकवून उभी राहते. मुलांशी वागणं समजूतदार, फक्त झोपेत असताना अंगाला हात लावायचा नाही. ही कुत्री कधीकधी डोळे अर्धवट उघडे ठेवून झोपतात, मुलांना वाटतं जागीच आहे. आधी हाक, ती उठली की मग लाड, हा आमच्या घरचा नियम. उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे गेला की तिला कूलरसमोरून हलवता येत नाही. फिरणं पहाटे पाचला, कारण डांबरी रस्ता पायाचे तळवे भाजतो. जानेवारीत उलटं, ती कुडकुडते. मुलीचा जुना स्वेटर बाह्या कापून तिला बसला. दिवाळीत मात्र दारंखिडक्या बंद, बाहेर नेताना दोन पट्टे.

या जातीचं, म्हणजे कारवानचं किंवा मुधोळचं, कौतुक आपल्याकडे कमी नाही. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी इंग्लंडच्या राजाला भेट दिलेली कुत्री, 2005 साली टपाल तिकिटावर आलेला मुधोळ, लष्कराने प्रशिक्षणासाठी मेरठला नेलेला मुधोळ, हे सगळं आपण अभिमानाने सांगतो. तिम्मापूरला कर्नाटक सरकारचं संशोधन केंद्रही आहे. कौतुक झालं की पिल्लांचा भाव वाढतो, आणि भाव वाढला की जो तो पिल्लं काढतो. त्यातली किती पुढे जाऊन वावरात साखळीला बांधली जातात, याची नोंद कोणी ठेवत नाही. काही जण सशामागे सोडायला म्हणूनही ही कुत्री पाळतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. मौजेखातर केला तरी गुन्हाच.

आपल्या जिल्ह्यात बोर व्याघ्र प्रकल्प आहे, म्हणून आणखी एक सांगतो. जंगलालगतच्या गावात कुत्रं ठेवायचं तर रेबीजच्या लशीबरोबर डिस्टेंपरचीही लस चुकवू नका, कारण तो रोग वन्य प्राण्यांनाही होतो. गीरमध्ये 2018 साली सिंह मेले, त्यांच्यात हाच विषाणू सापडला होता.

कारवान-ग्रेहाउंड साधारण दहा ते तेरा वर्षं जगतात. पिल्लाला गिऱ्हाईक मिळतंच. चार वर्षांच्या, टाके पडलेल्या कुत्र्याला मिळत नाही. तेव्हा यात्रेत पिल्लाचा भाव करण्याआधी आसपासच्या गावांत विचारा, एखादी बिजली कुठे तरी साखळीला असेल. जखमी कुत्रं दिसलं तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, नाहीतर पिपरी (मेघे) इथल्या करुणाश्रम या प्राण्यांच्या निवाऱ्याला कळवा. आणि घरी आणायचं ठरलंच, तर आधी अंगणाचं कुंपण मोजा. सहा फुटांपेक्षा कमी भरलं, तर दोरी हातातून सोडू नका.