स्नूकरमधील क्यूचा आघात

पुण्यात १९२२ साली जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यास जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेतेपद मिळविले व १९६४ मध्ये ते पुन्हा जिंकले. बिलियर्ड्स काय किंवा त्याचे भावंड स्नूकर काय, दोहोंचे मर्म क्यूच्या सरळ आघातात आहे. परंतु आपला आघात वाकडा पडतो हे नवशिक्यास उमगत नाही. तो नेमास दोष देतो आणि नेमच बदलीत बसतो.

दोषाचे निदान चेंडूच करून देतो. टेबल मोकळे करून पांढरा चेंडू तपकिरी चेंडूच्या खुणेवर ठेवावा आणि निळ्या, गुलाबी व काळ्या खुणांवरून समोरच्या कुशनवर मारावा. जातानाच तो रेषेबाहेर गेला, तर चूक बहुधा रोख धरण्यात असते. रेषेवरून जाऊन परतताना मात्र तो उजवीकडे सरला, तर क्यूचे टोक मध्याच्या उजवीकडे लागले असे समजावे. चेंडूस मिळालेली गिरकी जाताना फारशी जाणवत नाही; कुशनशी घर्षण होताच ती प्रकट होते.

उंचीचाही विचार हवा. चेंडूचा व्यास ५२.५ मिलिमीटर असतो. नेमक्या मध्यावर आडवा आघात केल्यास तो प्रथम घसरतो, आणि निव्वळ लोळू लागेपर्यंत त्याचा वेग मूळच्या पाच-सप्तमांश उरतो. मध्याच्या वर त्रिज्येच्या दोन-पंचमांश, म्हणजे साडेदहा मिलिमीटरवर आघात झाल्यास तो आरंभापासूनच लोळतो. ह्या खेळाच्या गणितावर कोरिऑलिस ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३५ मध्येच ग्रंथ लिहिला होता.

उपाय मनगटात शोधू नये. दंड स्थिर ठेवून कोपराखालचा हात लंबकाप्रमाणे झुलवावा, पकड सैल असावी. आणि चेंडू परतून क्यूच्या टोकास टेकेपर्यंत मान वर करू नये. हे शेवटचेच सर्वांत अवघड जाते.